कान ठीक आहेत

लेकीचे लग्न ठरवायला आलेल्या पाहुण्यांपैकी तिघे एकदम बोलत होते आणि सहदेव अजून पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देत होता. मुलाच्या वडिलांनी फुले किती एकरांत लावता असे विचारले, त्यालाही बराच वेळ होऊन गेला. आता बोलणे लग्नाच्या तारखेवर आले होते. सहदेव मात्र हसून म्हणाला, "दोन एकर हाये जी." मोर्शीची मंडळी एकमेकांकडे बघू लागली.

वर्षाली त्याची एकुलती एक लेक. तिच्यासाठीच त्याने चौदा महिन्यांपूर्वी दारू सोडली होती. बावीस वर्षांची सवय ती. सोडताना पार हाडे खिळखिळी झाली, पण गडी थेंबाला शिवला नाही. चांदूर रेल्वेत कोणालाही विचारावे.

त्याची बायको शकुन कप उचलायला वाकली आणि सर्वांदेखत तिने त्याच्या तोंडाचा वास घेतला. तिलाही बावीस वर्षांची सवय. वास आला नाही. पण बायकोला वास घ्यावा लागतो, एवढे पाहुण्यांना पुरले. पोहे तसेच ठेवून ते उठले.

हा असा का अडखळतो, म्हणून शकुन त्याला अकोल्याला कानाच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे डोक्याला तारा चिकटवून टकटक आवाज ऐकवले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कान ठीक आहेत. कानापासून मेंदूपर्यंतची वाट दारूने बिघडवली आहे. बोलणे उशिरा पोचते, चार माणसांत तर सगळे मिसळून जाते. सोडलीत हे चांगलेच केलेत, पण गेलेले बहुधा परत यायचे नाही.

एसटीत शकुन काहीतरी सांगत रडत होती, ते त्याला गलक्यात कळले नाही. उतरल्यावर तिने पुन्हा सांगितले, "मले वाटलं तुमी पेले. माह्या हातानं पोरीचं मोडलं."

त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाला, "तुह्या हातानं कावून? म्याच शिकवलं तुले वास घ्याले."

दिवाळीनंतर दुसरे पाहुणे यायचे ठरले. "सांगजो, पोरीचे बाबा वावरात गेले," त्याने शकुनला बजावले. घरीच थांबा म्हणून वर्षालीने खूप समजावले. त्याने ऐकून घेतले आणि जुना सदरा घालून निघाला.

दुपारी घरासमोर गाडी थांबलेली त्याला शेतातून दिसली. शकुन पाहुण्यांना आत घेऊन गेली. थोड्या वेळाने वर्षाली एकटीच दारात आली आणि त्याला हाताने बोलावू लागली. पुन्हा पुन्हा बोलावत राहिली. तिला दिसू नये म्हणून तो शेवंतीच्या सरीत खाली बसला.