टाकीचा वास

बोटीच्या पेट्रोल-टाकीच्या बुडाला साबण थापला होता. थरावर थर. आंघोळीचा गुलाबी, कपड्यांचा निळा, त्यावर एम-सील, त्यावर पुन्हा साबण. पाण्याने फुगून त्याचा लगदा झाला होता आणि लगद्यात माशांचे खवले रुतले होते. मी तोंडाने श्वास घेत तो पट्टीने खरवडत होते.

"गळाया लागली की साबण घासायचा," उदयसिंह म्हणाला. उजनी धरणाच्या फुगवट्यात तो पर्यटकांना पक्षी दाखवायला बोट चालवतो. "आमी समदे तेच करतो की."

"आणि टाकीखाली काय असतं?"

"गोणपाट. खरचटाय नको म्हणून."

ते गोणपाटही त्याने टाकीबरोबर आणलं होतं. ओलं, काळं, सडक्या माशांच्या वासाचं. ॲल्युमिनियम सतत अशा ओलीवर बसलं की त्याला बारीक भोकं पडतात. टाकी त्याने जपली होती आणि जपूनच कुजवली होती.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं वेल्डिंगचं शेड आहे. माझे वडील चन्नप्पा, मी त्यांना आप्पा म्हणते, ते चालवतात. करोना झाल्यापासून त्यांना वास येत नाही. करपलेली भाजी नाही की सांडलेलं पेट्रोल नाही. रसायनशास्त्रातली पदवी झाल्यावर मी नोकरी शोधते आहे; तोवर टाकीचं काम आलं की नाक माझं लागतं.

"रिकामी तर हाय," आप्पा म्हणाले. "जळायला आत काय उरलंय, यव्वा?"

"वाफ. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट. आत वाफ आणि हवा मिसळलेली असते. एक ठिणगी पडली की टाकी फुटणार, तुमच्या तोंडासमोर."

"पोरगी लई भ्या घालती की ओ," उदयसिंह हसला.

आप्पा हसले नाहीत. धुऊन होईस्तोवर काडी ओढणार नाही, असं त्यांनी कबूल केलं.

शेडच्या मागे मोकळ्यात आम्ही टाकी उपडी केली. आधी उरलंसुरलं पेट्रोल डब्यात काढलं. मग शेंबडासारखा तपकिरी साका लोंबत बाहेर आला, जुन्या वार्निशच्या वासाचा. शेजारच्या चहावाल्याकडून गरम पाणी आणून, भांड्यांचा साबण घालून आम्ही टाकी खळखळून धुतली. साका निघायचा थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. शेवटी मी टाकीच्या तोंडाला नाक लावलं. पेट्रोलचा वास नव्हता. तरी नाकावर विसंबायचं नाही म्हणून जोडताना हवा हुसकायला आत आर्गॉन वायू सोडायचं ठरलं होतं. मी आप्पांना मान हलवली आणि हात धुवायला नळावर गेले.

दिवसाच्या पहिल्या कामाला आप्पा कापूर ओवाळतात. यंत्रमागाचा दांडा असो की कुणाच्या बंगल्याचं गेट.

नखातला खवला काही केल्या निघेना. तो टोकरतच मी परत आले आणि थबकले. वास येत होता. मघाचा कुजका नव्हे, ताजा, गोडसर. उदयसिंहच्या हातात प्लॅस्टिकची बाटली होती. टाकी टेबलावर होती आणि पेटलेल्या कापराची ताटली घेऊन आप्पा तिच्याकडे निघाले होते.

पायाशी गोणपाट होतं. मी ते उचलून ताटलीवर दाबलं. ताटली खाली पडली. गोणपाटावर उभी राहून मी ज्योत विझल्याची खात्री केली. माझ्या कोपरापर्यंत काळं पाणी ओघळलं.

"बाटलीत काय होतं?"

"पेट्रोल," उदयसिंह म्हणाला. "आत साबणाचा वास ऱ्हायलेला. इंजिनात साबण जायला नको म्हणून इसळून घेतली."

"मला पाणी वाटलं," आप्पा म्हणाले.

"त्यात काय ओ. आमी नेहमी पेट्रोलनंच इसळतो. वर रोज सकाळी इंजिनाला उदबत्तीपन लावतो. आजवर काय झालं न्हाय."

"माणसं बसलेली असताना?"

"मग? त्यांच्यासाठीच लावतो की."

आप्पांनी टाकीवर वाकून खोल श्वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. पुन्हा एकदा घेतला. मग ते मागे सरले आणि खिशातली काडेपेटी काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

"कापूर आता फाटकाबाहेर," ते म्हणाले. "आणि ती पेटी तुझ्याकडंच ठेव."

काडेपेटी माझ्या हातात लगेच ओली झाली आणि तिलाही माशांचा वास लागला. मी ती दूर रस्त्यापलीकडे ठेवून आले. मग उदयसिंहकडून बाटली घेतली, पुन्हा धुवायला टाकी उपडी केली आणि नाक खाली नेलं.