शून्यापासून

"मामा, तुम्ही कशाला आलात? जिने चढू नका म्हटलंय ना डॉक्टरांनी?"

भाच्याने काळजीने विचारले खरे, पण काठी टेकत आलेल्या मामांना खुर्ची काही दिली नाही. प्रयोगशाळेत तपासणी समितीचे तिघे उभे होते. टेबलावर मामांचा जुना ऑसिलोस्कोप होता, विजेची लाट पडद्यावर दाखवणारे अवजड धूड. आज चालला तर राहणार, नाहीतर भंगारात जाणार.

अठ्ठावीस वर्षे मामांनी तो पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. आतले वीज साठवणारे जुने कपॅसिटर नुसते पडून राहिले की कमकुवत होतात. म्हणून दर महिन्याला वीज कमीजास्त करणाऱ्या व्हेरिअ‍ॅकची चकती फिरवत, शून्यापासून हळूहळू, तासाभरात वीज चढवायची. उपाशी माणसालाही एकदम पोटभर वाढू नये, असे ते म्हणत. लोक त्यांना वैद्यबुवा म्हणून चिडवत. ही विद्या त्यांनी एकट्या भाच्याला दिली होती. त्याला नोकरीला चिकटवलेही त्यांनीच. खुब्याचे हाड मोडून ते दहा महिने अंथरुणावर होते, तेव्हा दर महिन्याला त्याचा फोन येई, "चढवली वीज, मामा. लाट अगदी सुरेख दिसतेय."

व्हेरिअ‍ॅक कोपऱ्यात पडला होता. चकतीवर बोटभर धूळ होती. मामा काही बोलणार तोच भाच्याने वायर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावली आणि बटण दाबले.

फट्‌कन आवाज झाला. जळका वास सुटला.

"बघितलंत साहेब? आयुष्यच संपलंय त्याचं. आता नवीनच मागवायला हवं."

साहेबांनी मान डोलावली आणि तिघे पुढच्या खोलीत गेले.

दुसऱ्या कुणाकडून हे झाले असते तर मामांनी अडाणीपणा म्हणून सोडून दिले असते. पण हे यंत्र कशाने मरते ते इथे दोघांनाच ठाऊक होते. सख्ख्या बहिणीच्या पोराने केसाने गळा कापला होता.

"फोनवर खोटं कशाला बोलत होतास?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून. किती दिवस कवटाळून बसणार, मामा? जुनं गेल्याशिवाय नवीन देत नाहीत हे लोक." बोलता बोलता तो झाकणाचे स्क्रू काढू लागला. "कामाचे भाग तेवढे काढून घेतो."

"हात लावू नकोस. आत अजून वीज आहे."

भाचा मागे सरला. मामांनी काठी टेबलाला टेकवली, सॉकेटमधली वायर काढली, झाकण उघडले आणि खणातली रबरी मुठीची वायर घेतली. झटका छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात पाठीमागे धरून एकेका कपॅसिटरमधली साठलेली वीज त्यांनी जमिनीत उतरवली. सगळी उतरल्याची दोनदा खात्री केली.

"आता काढ," ते म्हणाले.