जास्तीचं तेल

आमची गाडी एकोणीस वर्षांची होती आणि त्या वयात मी जसा होतो तशीच वागायची. पुढे चल म्हटलं की आधी चार सेकंद विचार, मग मोठ्याने आरडाओरडा, आणि जागचं हलणं सगळ्यात शेवटी. मागे चल म्हटलेलं तर तिला ऐकूच यायचं नाही.

गाडी ऑटोमॅटिक. म्हणजे क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. तेवढ्याचसाठी ती दोन महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतली होती. गेल्या वर्षी बाबांना लहानसा झटका आला आणि जाताना डावा पाय घेऊन गेला. पाय आहे तिथेच आहे, पण हजेरीपुरता. एकतीस वर्षं बाबांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी क्लच सोडायला शिकवलं आणि उरलेल्या निम्म्यांना त्या लोकांपासून जीव वाचवायला. असा माणूस वर्षभर बसमध्ये मांडीवर भाजीची पिशवी घेऊन बसला होता आणि प्रत्येक वळणावर मनातल्या मनात ब्रेक दाबत होता. आई म्हणायची, "घरी आल्यावर यांचाच पाय दुखतो, ड्रायव्हरचा नाही."

लायसन्सची मुदत संपत आली होती. गुरुवारी नव्याने परीक्षा होती. अर्जाच्या मागच्या बाजूला घरातल्या एका माणसाने लिहून द्यायचं होतं, की अर्जदाराच्या स्मरणशक्तीत काही फरक आढळलेला नाही. तिथे बाबांनी माझं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. सही तेवढी बाकी होती. मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. मला चिंता रिव्हर्स गिअरची होती, कारण परीक्षेत गाडी मागे घ्यायला लावतात, आणि आमची गाडी मागे वळून बघायला तयार नव्हती.

म्हणून सोमवारी आम्ही तिला मिस्त्रींकडे नेली. पुढच्या पुढे.

मिस्त्री फक्त गिअरबॉक्सचं काम करतात. त्यांच्या शेडमध्ये एक लांब टेबल आहे आणि त्यावर गिअरबॉक्सच्या आतली चकत्यांची चळत मांडलेली असते. बघून वाटतं, हे सगळं पुन्हा आत बसणं शक्य नाही. मिस्त्रींना विचारलं तर तेही म्हणतात, "मलाही दरवेळी असंच वाटतं." बाबांना पाहताच त्यांनी हात पुसले आणि खुर्ची पुढे केली. तेही बाबांचेच विद्यार्थी. तिसऱ्या प्रयत्नात पास झालेले.

"सर, तुम्ही कशाला आलात? निरोप द्यायचा."

"निरोप्याला गाडी चालवता येत नाही," बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले.

मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी बाहेर काढली. पुसली, घातली, पुन्हा काढली. टोकाला जेमतेम ओल होती. त्यांनी ती नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

"करपलंय. आणि दोन लिटर तरी कमी आहे. गळती कुठेच नाही." त्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं, उठले. "हे तेल कोणीतरी काढलंय. कोणी काढलं?"

आता सांगायला हवं. दर रविवारी सकाळी बाबा तेलाची पट्टी बघायचे. इंजिन बंद करून, गाडी थंड असताना, इंजिनऑइल बघतात तशी. एकतीस वर्षं त्यांनी तसंच शिकवलं होतं. तेल खुणेच्या वर दिसायचं. मग ते मोठ्या सिरिंजला नळी लावून वाटीभर जास्तीचं तेल ओढून घ्यायचे. "एकदम काढू नये, बेतानं काढावं," म्हणायचे. आठ रविवार त्यांनी बेतानं काढलं. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद केलं की तेल खाली उतरून जास्त दिसतं, ते इंजिन चालू ठेवून, गाडी गरम असतानाच मोजायचं असतं, हे मला त्या क्षणी मिस्त्रींच्या तोंडून कळत होतं. बाबांनाही. आणि समोर बाबांचा विद्यार्थी उभा होता.

"मी काढलं," मी म्हणालो.

मिस्त्रींनी मला नखशिखांत न्याहाळलं. "कशाला? भांगाला लावायला?"

"जास्त वाटलं."

"सरांचा मुलगा ना रे तू? सरांना विचारायचंस तरी!"

इथपर्यंत ठीक होतं. मी बाबांकडे पाहिलं. ते डोळे मिचकावतील, निदान खाली बघतील, असं वाटलं होतं. ते खुर्चीतून उठलेच.

"अरे, अक्कल गहाण ठेवलीस का? ज्यातलं कळत नाही त्यात हात घालायचा नाही, हे किती वेळा सांगितलंय! दोन लिटर? दोन लिटर तेल काढेपर्यंत तुझ्या डोक्यात काही आलं नाही?"

"नाही आलं," मी म्हणालो.

"बघा," बाबा मिस्त्रींना म्हणाले, "आणि याला मी मोठा केला."

मिस्त्रींनी नवीन तेल भरलं. गाडीने रिव्हर्स असा घेतला, की आम्ही तिघेही बाजूला झालो. "आतल्या चकत्या थोड्या भाजल्यात," ते म्हणाले, "पण दोन-तीन वर्षं बघायला नको. फक्त याला हात लावू देऊ नका."

घरी जाताना गाडी बाबांनी चालवली. झकास चालवली. आरसा, सिग्नल, वळण, सगळं पुस्तकात असतं तसं. मी शेजारी बसून देवाकडे एक चमत्कारिक मागणं मागत होतो. लोक मागतात, बाप सुखरूप राहू दे. मी म्हणत होतो, बाप खोटारडा निघू दे. विद्यार्थ्यापुढे लाज राखायला पोटच्या पोराला बळी देणारा, निगरगट्ट, पक्का खोटारडा. असे बाप पुष्कळ असतात आणि त्यांना लायसन्स मिळतं.

दाराशी आई उभी होती. बाबांनी चप्पल काढता काढता सुरुवात केली.

"तुझ्या चिरंजीवांचे प्रताप ऐकलेस? गिअरबॉक्सचं तेल काढत होते. दोन लिटर! मला पत्ता नाही!"

आठही रविवार वाटी आईनेच धरली होती. नळी हलली की "अहो, माझ्या साडीवर!" असं ओरडणारीही तीच.

खोटारडा माणूस साक्षीदाराला खोटं सांगत बसत नाही. तेवढी अक्कल त्याला असते.

"असं का," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे गेलो.

"आई, वाटी तू धरायचीस."

"हो."

"मग?"

ती कोरडाच ओटा पुसत राहिली. "तुला आज कळलं. परवा त्यांनी ड्रायव्हिंगच्या शाळेची चावी मागितली. शाळा विकून वर्ष झालं. मी म्हटलं, धुवायला टाकलीय."

"चावी धुवायला?"

"मला सुचलं ते मी बोलले. त्यांनाही पटलं." तिने फडकं पिळलं. त्यातून काहीच निघालं नाही. "पायाचं आपण सगळ्यांना सांगितलं. पाय दिसतो ना."

"मी त्या अर्जावर सही करणार नाही."

"नको करूस. पण त्यांना सांगणार कोण? आणि काय सांगणार? तुम्हाला आठवत नाही, म्हणून? काय आठवत नाही विचारतील. मग ते सगळं त्यांना सांगायचं, आणि उद्या पुन्हा सांगायचं?"

अंगणातून हॉर्न वाजला.

बाबा पुन्हा गाडीत जाऊन बसले होते. इंजिन चालू. उजवा हात खिडकीबाहेर, वर्षभर कुठे हरवला होता तो चेहरा जागेवर. "बस. एक चक्कर मारून येऊ. कशी मऊ चालतेय बघ."

मी बसलो. दार लावलं.

"बाबा, गिअरबॉक्स गेलाय."

"आत्ता तर चालली."

"मिस्त्रींनी मला बाजूला घेऊन सांगितलं. वरवर चालतेय. भर रस्त्यात कधीही सोडेल. चालवायची नाही म्हणाले."

बाबांनी पाय ब्रेकवर ठेवून गाडी डी मध्ये टाकली, ब्रेक सोडला. चार सेकंद नाहीत, आवाज नाही. गाडी लोण्यासारखी पुढे सरकली. बिघडलेल्या गाड्या चांगल्या आहेत म्हणून सांगणारे लोक मी आयुष्यभर ऐकले होते. चांगली गाडी बिघडली आहे असं सांगणारा मी पहिलाच असेन, आणि गाडी मला अजिबात साथ देत नव्हती.

"चालतेय की रे."

"तेच तर लक्षण आहे," मी म्हणालो. "शेवटी शेवटी अशीच चालते म्हणे."

बाबांनी गाडी थांबवली. मग मान हलवली, जाणकार हलवतो तशी. "असते. असते अशी एखादी. मग गुरुवारचं?"

"गुरुवारी नाही जमणार. माझ्यामुळे."

त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली, आणि माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ वळली. आता ओरडतील म्हणून मी मान खाली घातली. पण तो शाळेतला आवाज होता, पहिल्याच दिवशी गाडी खांबावर घालणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला. मला तो कधी मिळाला नव्हता.

"हे बघ, घाबरायचं नाही. चुकी सगळ्यांच्या हातून होते. यंत्र आहे, पुन्हा मिळेल."

"हो, बाबा."

त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"फक्त ते तेलाचं आईच्या कानावर घालू नकोस. उगाच चिडेल तुझ्यावर. मीही बोलणार नाही."