काटेरी तारेवरची अकरा घरं

पेल्टन काउंटीत दर दहा वर्षांनी शिरगणतीचा माणूस यायचा, आणि त्याचा अर्धा वेळ माणसं शोधण्यातच जायचा. घराच्या दारातून दुसऱ्याचं धुराडं दिसायला लागलं, तर लोक म्हणत, फार दाटी झाली बुवा! खाली गवत, वर आभाळ, मध्ये वारा. त्यात कुठंतरी माणूस.

असल्या मुलखात खांब रोवायला टेलिफोनवाल्यांनी हात वर केले, तेव्हा लोकांनी कुंपणाच्या काटेरी तारेलाच यंत्रं जोडली. एका तारेवर अकरा घरं. वाटेतली फाटकंही तारेचीच होती. फाटकाची कडी खांबाला अडकवलेली असली की बोलणं पुढं जायचं, काढली की तिथंच संपायचं. त्यामुळं निरोप घेताना इथं ‘सांभाळून जा’ म्हणत नसत, ‘फाटक लाव’ म्हणत.

रॅग्नाचं घर तारेच्या शेवटच्या टोकाला होतं. पलीकडं पश्चिमेला डोंगराएवढी उंच एक धार, आणि तिच्यामागं चाळीस मैल कुणीच नाही. रॅग्नाच्या पूर्वेला पाच मैलांवर थेक्लामावशी राहायची. पासष्ट वर्षांची, एकटी, आणि रॅग्नाच्या मते काउंटीतली सगळ्यात लांब कानांची बाई. सकाळी सात वाजता मावशी एक लांबलचक घंटी वाजवायची. मग अकराही घरांनी फोन उचलायचे, आणि तिनं सगळ्यांना वारा, थंडी, कुणाची गाय व्याली ते सांगायचं. दिवसभरातही कुणी कुणाशी बोलायला लागलं की ‘टक्’ असा आवाज यायचा. म्हणजे मावशीनं उचलला.

ऑक्टोबरात रॅग्ना फोनवर आपल्या नणंदेजवळ मन मोकळं करत होती. “यंदाचा हिवाळा शेवटचा गं. नाही निभावलं तर आम्हीही गाशा गुंडाळतो. आठ वर्षं झाली, पुरे.” तेव्हा ‘टक्’ झालं होतं. रविवारी चर्चबाहेर तारेवरच्याच ओट्टो क्लिमानं दात काढत विचारलं, “वहिनी, तो स्टोव्ह नेणार की विकणार?”

रॅग्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवारी नवरा, अँडर्स, गुरं घेऊन रेल्वेच्या गावाला निघाला. त्याची पाठ वळताच ती घोडीवर बसून दीड मैलावरच्या फाटकाशी गेली. तारेची कडी खांबावरून काढली आणि फाटक दोरीनं बांधून टाकलं. फाटक बंदचं बंद, आणि तार मेली. “बस आता वारा ऐकत,” ती पूर्वेकडं बघून म्हणाली. घरी येईपर्यंत तिला फार बरं वाटत होतं.

मंगळवारी सकाळी सात वाजता घंटी वाजली नाही, आणि घर जरा जास्तच मोठं वाटलं. पण हट्ट तो हट्ट.

बुधवारी साडेनऊला ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. आधी वास आला. मग उजेड बदलला. अंगण तांबूस झालं, तिचे हातही तांबूस दिसायला लागले. तिनं मान वर केली. पश्चिमेच्या धारेमागून धूर उठत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सूर्य त्यात शिरला, तर उघड्या डोळ्यांनी बघता यावा असा लालबुंद झाला.

ती धावत आत गेली, फोनची मूठ गरागरा फिरवली, फोन कानाला लावला. काहीच नाही. आणि मग तिला आठवलं.

“अगं बाई गं,” एवढंच ती म्हणाली, रिकाम्या घरात.

घरामागं गवताच्या पाच गंज्या होत्या. गंज्या गेल्या की हिवाळ्यात उरलेली गुरं मरणार. गुरं मेली की जायचं की राहायचं हा प्रश्नच उरत नव्हता. जाऊ म्हणताना तिला असं जायचं नव्हतं. हे तिला त्याच क्षणी, घोडीवर खोगीर टाकताना, लख्ख कळलं.

ती फाटकाशी पोचली. दोरी सोडली, कडी खांबावर चढवली. आणि मग लक्षात आलं की आता घंटी वाजवायला घरी कुणीच नाही. परत जायचं तर आगीकडं, पुढं जायचं तर साडेतीन मैल. तिनं मागं वळून पाहिलं.

आग धारेवर आली होती. रॅग्नानं आठ वर्षांत लहानसहान वणवे पाहिले होते, पण हा काही वणवा नव्हता. अख्खी धारच पेटून चालत खाली येत होती. मालगाडी पुलावरून जावी तसा आवाज येत होता, आणि ती गाडी संपत नव्हती. ससे, हरणं, कोल्हे एकमेकांकडं न बघता तिच्या घोडीच्या पायांजवळून पळत गेले. भीती वाटायला हवी होती. वाटतही होती. पण तिच्या तोंडून निघालं, “देवा, केवढं हे!” आणि आपलं घर, गंज्या, भांडण, सगळं तिला चिमटीत मावेल एवढं वाटलं.

मग ती पूर्वेकडं वळली, आणि तिथं धूळ दिसली.

एक लोट. मग त्याच्या बाजूला दुसरा. मग उत्तरेकडून तीन, दक्षिणेकडून आणखी. जिथं आठ वर्षांत तिला कधी हललेलं काही दिसलं नव्हतं, तिथून माणसं निघत होती. नांगर लादलेल्या गाड्या, पाण्याची पिंपं, ओली पोती, खोगिराविना घोड्यावर बसलेल्या बायका. एवढी माणसं या माळात राहत होती? कुठं होती ही? रॅग्ना फाटक धरून उभी राहिली आणि तिला रडू फुटलं.

पहिली गाडी थेक्लामावशीचीच. मावशीनं फाटकाची कडी पाहिली, जमिनीवरची दोरी पाहिली, रॅग्नाकडं पाहिलं.

“नंतर रड,” ती म्हणाली. “फाटक उघड.”

दोन नांगरांनी घराभोवती जमीन उलथली. बायका ओली पोती आपटत गवताच्या कडेनं चालल्या. पण ज्वाळा कमरेच्या वर होत्या. ओट्टो ओरडला, “बैल लागेल! फाडून ओढायला बैल लागेल!”

हिवाळ्याच्या तोंडावर आपला बैल कोण देणार? मावशीनं कुंपणापलीकडच्या आपल्या कुरणात चरणाऱ्या जनावरांकडं बोट केलं. “तो पांढऱ्या कपाळाचा. घ्या.”

“मावशी, तो तर तुझा सगळ्यात—”

“माझा बैल मी ओळखते रे ओट्टो, तू बंदूक चालव.”

बैल पाडला, उभा चिरला, आणि दोघा स्वारांनी दोन बाजूंनी दोर बांधून तो ओला, जड देह आगीच्या ओळीवरून ओढत नेला. एक घोडा न जळालेल्या गवतात, एक जळालेल्या. जिथून ते गेले तिथं ज्वाळा बसत गेल्या. मागून पोती आपटणाऱ्या माणसांत रॅग्नाही होती. दुपारी कधीतरी आग दुभंगली आणि घराच्या दोन्ही अंगांनी खालच्या नदीकडं जाऊन पाण्याशी विझली. दोन गंज्या गेल्या. तीन राहिल्या. घर राहिलं.

काळ्या तोंडांची सदतीस माणसं तिच्या अंगणात कॉफी पीत बसली. रॅग्नानं मावशीला कप दिला आणि विचारलं, “तुम्हाला कळलं कसं? तार तर…”

“सकाळी घंटी वाजवते, तेव्हा फोन उचलल्याचे आवाज मोजते मी,” मावशी म्हणाली. “माझा धरून अकरा. माझा नवरा वारला तेव्हा दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता, तेव्हापासून मोजते. काल दहाच भरले. म्हटलं, रुसलीय बया, आणि रुसायला कारणही आहे. माझं तोंड जरा सैलच सुटतं. आज पुन्हा दहा. मग पवनचक्कीवर चढले, तुझ्या धुराड्यातून धूर येतोय का बघायला.”

“या वयात पवनचक्कीवर?”

“धूर दिसला ना,” मावशी म्हणाली. “जरा जास्तच दिसला.”

रॅग्नाला हसूही आलं आणि लाजही वाटली. आठ वर्षं तिला वाटत होतं की मावशी फक्त चोरून ऐकते. जाताना मावशीनं ती दोरी गुंडाळून रॅग्नाच्या खोगिराला अडकवली.

जळालेले खांब पुरुषांनी अंधार पडायच्या आत टेकू देऊन उभे केले. गुरुवारी सकाळी सातला घंटी वाजली, लांबलचक. रॅग्नानं फोन उचलला.

“अकरा,” मावशीचा आवाज आला. “वारा उत्तरेचा, थंडी वाढेल. काल—”

“थांबा,” रॅग्ना म्हणाली. सगळी तार ऐकत होती, हे तिला ठाऊक होतं. “फाटकाची कडी मी काढली होती. मुद्दाम.”

“दोरी बघितली आम्ही, वहिनी,” ओट्टो म्हणाला. “एवढी वाईट गाठ काउंटीत दुसरं कुणी मारत नाही.”

लोक हसले, तारेवरच, दहा घरांतून.

“मग?” मावशीनं विचारलं. “स्टोव्ह विकायचाय अजून?”

रॅग्नानं खिडकीतून पाहिलं. नदीपर्यंत काळीभोर जमीन, आणि तिच्यावर केवढंतरी आभाळ. “नाही,” ती म्हणाली. “पण काल मावशीचा बैल गेला. आमचा एक मावशीच्या कुरणात सोडायचाय.”

मग एकेकानं फोन ठेवला. टक्. टक्. रॅग्नानं आपला लगेच ठेवला नाही. दहा भरेपर्यंत ती मोजत राहिली.