विंगुनी ठेवलेला आवाज

मोशीतल्या त्या पत्र्याच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रेषित गेर्वासने दोन्ही हात उंचावले आणि कर्ण्यांतून एलियामानीचा आवाज घुमला. एलियामानीला पुरून बरेच महिने झाले होते. “आता या गोळ्या-सुया नकोत. मी सगळं तुझ्यावर सोपवलंय,” असं तो म्हणत होता. बाया ओक्साबोक्शी रडू लागल्या. त्याची विधवा न्देशी पुढच्याच रांगेत बसली होती. घरी गेल्या गेल्या तिने स्वतःच्या इन्सुलिनच्या बाटल्या केळीच्या बागेत भिरकावून दिल्या.

तिची मुलगी आयकांदे शाळेत विज्ञान शिकवायची. तिचं डोकं फिरलं. नातेवाईक मात्र तिलाच वेड्यात काढत होते. बापाचा फोन त्याच्याच इच्छेने शवपेटीत ठेवला होता. मग आवाज स्वर्गातून नाही तर कुठून येणार?

गेर्वासच्या पंथाचं एक अ‍ॅप होतं. लोक त्यात प्रार्थना बोलून ठेवत, आणि बोलून झालं की पडद्यावर अक्षरं येत: तुमचा आवाज विंगुनी सुरक्षित आहे. तिथल्या भाषेत विंगू म्हणजे ढग, आणि विंगुनी म्हणजे ढगात. फोनच्या दुकानात विचारलं तर कुणीही सांगेल, की हा ढग म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेले कॉम्प्युटर. पण स्वर्गात म्हणायचं तर म्बिंगुनी म्हणतात, आणि थकल्या कानांना दोन्ही सारखंच ऐकू येतं. गेर्वासने या एका शब्दावर दुकान थाटलं होतं; दर रविवारी तो कुणा ना कुणा मेलेल्याला बोलतं करायचा. स्वर्गाला टॉवर लागत नाही, अशी फुशारकी तो मारायचा. गावाचं नेटवर्क गेलं त्या रविवारी मात्र सगळे मेलेले मुके झाले, आणि मागे कुणीतरी शंकेखोर बसलाय म्हणून त्याने लोकांनाच झापलं.

न्देशीचे पाय बधिर होऊ लागले. घागरभर पाणी प्यायली तरी तिची तहान भागेना. आयकांदे हातापाया पडली, तेव्हा ती फणकारली, “तुझ्या बापानं सांगितलंय. त्याच्यापेक्षा तू शहाणी?”

आयकांदेने तेच अ‍ॅप आपल्या फोनवर घेतलं आणि बापाचा नंबर टाकला. परवलीचा शब्द म्हणजे त्याच्या लाडक्या गाईचं नाव. त्याला नीट दिसत नसे म्हणून तिनेच तो पूर्वी भरून दिला होता. बापाच्या सगळ्या प्रार्थना तिच्यासमोर उघडल्या. तिने त्या शेवटपर्यंत ऐकल्या.

पुढच्या रविवारी ती भर सभेत उठली. “बाई स्वर्गाची परीक्षा घ्यायला आल्यात,” गेर्वास म्हणाला, आणि लोक हसले. हिच्यात सैतान शिरलाय, असं म्हणत कुणी तिचा अंगाभोवती गुंडाळलेला कांगा ओढला. ती आईपाशी जाऊन वाकली.

“आई, बाबा काय बोलले ते पूर्ण ऐकायचंय?”

न्देशी तिच्याकडे रागाने बघत राहिली. मग म्हणाली, “लाव.”

विधवेनेच म्हटल्यावर कोण अडवणार? आयकांदेने फोन माइकला लावला. “आता या गोळ्या-सुया नकोत. थकलो मी, देवा. मी सगळं तुझ्यावर सोपवलंय. पण न्देशीची सुई चुकू देऊ नकोस. विसरते ती.”

“बाबांचा फोन मातीत आहे,” आयकांदे म्हणाली. “आवाज फोनमध्ये नसतोच. तो अ‍ॅपवाल्याच्या कॉम्प्युटरवर जातो. किल्ली असेल त्यानं कधीही उतरवून घ्यावा. मी माझ्या बापाचा उतरवला. यांच्याकडे तुम्हा सगळ्यांचे आहेत. बाबांचं पुढचं बोलणं यांनीच कापलं.”

सैतानही आवाज काढतो, असं काहीसं गेर्वास पुटपुटला. तेवढ्यात मागून एक म्हातारा उठला. “म्हणजे माझी बायको देवाला माझ्याबद्दल काय सांगते, ते तू ऐकतोस?”

हा प्रश्न सगळ्यांना झोंबला. कुणी काय काय कबूल केलं होतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. लोक व्यासपीठाकडे सरकले, तसा प्रेषित मागच्या दाराने पसार झाला.

ढग म्हटलं की वर बघत बसू नये. ठेवलेली वस्तू कुणीतरी माणसानेच ठेवलेली असते. तिची किल्ली कुणाच्या खिशात आहे ते आधी विचारावं. एवढं विचारलं असतं, तर त्या बाटल्या मातीत गेल्या नसत्या.

घरी आयकांदेने नवी बाटली उघडली.

“तो वरून बोलतोय म्हणून मी तग धरून होते,” न्देशी म्हणाली. “तेवढंही काढून घेतलंस.”

“बाबांनी तुला जगायलाच सांगितलंय, आई.”

न्देशीने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि दंड पुढे केला.