गेट नसलेलं ‘गेटासमोर’

आमच्या हॉटेलला नाव ठेवायचं राहूनच गेलं. बाबांनी इस्पितळाच्या गेटासमोर एक तवा आणि दोन बाकं टाकली, लोक एकमेकांना सांगायला लागले, गेटासमोर खाऊन घे. तेच नाव पडलं. आमचं सकाळचं गिऱ्हाईक म्हणजे रात्रभर पेशंटपाशी बसून आलेले नातेवाईक. त्यांच्या घशाखाली कडक काही उतरत नाही, म्हणून आमचा टोस्ट मऊ आणि ऑम्लेट त्याहून मऊ. यात पाककला वगैरे काही नाही हो, साधी माणुसकी आहे.

माझा धाकटा भाऊ हुशार. त्याला त्या मऊ ऑम्लेटात धंदा दिसला. बघता बघता शहरभर शाखा निघाल्या. ज्याला चालवायची त्याने आमचं नाव घ्यायचं आणि आमच्या पद्धतीने तवा चालवायचा. सगळीकडे तीच पिवळी पाटी, ‘गेटासमोर’. आता समोर काय, तर कुठे चपलांचं दुकान, कुठे बँक. एका शाखावाल्याने गेट नाही म्हणून आतल्या भिंतीवर गेट रंगवून घेतलं. धाकट्याला ते इतकं आवडलं की त्याने ते सगळ्याच शाखांत रंगवलं.

तिथेच बाबांचं डोकं फिरलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, लोकांना काय वेडं समजतोस, एवढं म्हणाले आणि धाकट्याशी बोलणंच टाकलं. तो पुढच्या दाराने आला की हे मागच्या जिन्याने वर. तोही त्यांचाच मुलगा, एक पाऊल मागे घेईल तर शपथ. वर्ष होत आलं. इकडचे निरोप तिकडे पोचवून माझ्या जिभेला घट्टे पडले. त्यात सगळ्यात मोठ्या शाखेचं उद्घाटन जवळ आलेलं. बाबांनी त्याला जावं, बाकी मला काही नको होतं. बाबांना विचारलं, तर म्हणाले, रंगवलेल्या गेटातून मला आत शिरता येत नाही.

अशात धाकट्याने आमच्याकडे एक ब्रँडवाला धाडला. आमच्या हॉटेलचा आत्मा शोधायचा आणि सगळ्या शाखांना वाटायचा, असं काहीतरी त्याचं काम होतं म्हणे. रोज सकाळी कोपऱ्यात बसून मला न्याहाळायचा. मला आधी वाटलं अन्न खात्याचा माणूस आहे, म्हणून मी झाकण्या घासघासून लख्ख केल्या. गाडी लावायला जागा मिळते म्हणून हा मागच्या गल्लीतून यायचा आणि त्याच वाटेने जायचा. पुढे एवढं मोठं इस्पितळ आहे, ते त्याने पाहिलंच नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

माझी एक सवय आहे. गिऱ्हाइकापुढे प्लेट ठेवताना मी त्याच्या माणसाची चौकशी करते. त्या आठवड्यात पुरुषांचा वॉर्ड भरलेला, त्यामुळे ज्याला त्याला विचारत होते, बाबा कसे आहेत आता? मग लगेच, भेटायला सोडलं का? आणि उत्तर येईपर्यंत मी हलत नाही. नुसतं तोंडदेखलं विचारायचं असेल तर विचारूच नये. ब्रँडवाल्याने ते जसंच्या तसं उचललं. थोड्याच दिवसांत प्रत्येक शाखेत, प्रत्येक गिऱ्हाइकाला, प्लेट ठेवताना तेच दोन प्रश्न. उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही, हाही नियम.

मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. बँकेसमोरच्या शाखेत एक साहेब घाबरून घरी फोन लावत बाहेर पळाले, ऑम्लेट तसंच राहिलं. एकाने उलट विचारलं, तुम्ही त्यांना कुठून ओळखता? पण एक बाई आपल्या वारलेल्या वडिलांबद्दल भरभरून बोलली आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला घेऊन आली. गर्दी वाढली. आता बोला! मी म्हटलं, चाललंय ते चालू दे.

धाकट्याने हे सगळं ब्रँडवाल्यावर सोपवलेलं, त्याला स्वतःला या प्रश्नांचा काही पत्ताच नव्हता. एकदा न सांगता तपासणी करावी म्हणून तो डोळ्यांवर टोपी ओढून एका शाखेत जाऊन बसला. तिथली मुलगी नवीन, तिने मालकाला ओळखलं नाही. प्लेट ठेवली आणि म्हणाली, "बाबा कसे आहेत आता?"

पुढचं त्यानेच मला सांगितलं. आधी त्याला हसू आलं. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला खरंच माहीत नाही. गुडघा दुखायचा तो राहिला का, चष्मा बदलायचा होता तो बदलला का, काहीच ठाऊक नाही. मुलगी नियमाप्रमाणे उभीच. शेवटी पुटपुटला, बरे असतील. तिने दुसरा प्रश्न टाकला, "भेटायला सोडलं का?"

"नाही," म्हणाला, आणि उठलाच.

तडक आमच्याकडे आला. बाबा गल्ल्यामागे टोस्टला लोणी लावत होते. त्याला पाहून उठले आणि जिन्याकडे वळले. धाकटा बाकावर बसला, टोपी हातात, तोंड एवढंसं झालेलं. मी मूग गिळून तव्याकडे बघत राहिले. मला हे किती जड गेलं असेल, मला ओळखणाऱ्यांना विचारा.

बाबांचीही एक खोड आहे. असं तोंड घेऊन कुणी बाकावर बसलं की त्यांचा पाय निघत नाही. पहिल्याच पायरीवर थांबले. मग परत आले, लोणी लावलेला टोस्ट त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "खा आधी. मग बोलू." हे ते सगळ्यांनाच म्हणतात.

धाकट्याने टोस्ट संपवला. मग खाली बघूनच विचारलं, गुडघा कसा आहे? बाबांनी गुडघ्याची सगळी हकिगत पहिल्या कळेपासून सांगितली. मला ती तोंडपाठ होती, तरी मी पुन्हा ऐकली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

उद्घाटनाला बाबा आले. रंगवलेल्या गेटावर बोट फिरवून, रंग बरा दिलाय, एवढंच म्हणाले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. एका मुलीने येऊन त्यांच्यापुढे प्लेट ठेवली आणि नियमाप्रमाणे विचारलं, बाबा कसे आहेत आता? धाकटा तिला थांबवायला धावला. बाबांनी त्याचं मनगट धरून त्याला शेजारच्या खुर्चीत बसवलं.

"बरे आहेत," बाबा तिला म्हणाले. "आता मुलगा भेटायला येतो."