नव्या कॅप्टनवर पाळत

"अमरले मी आठ दिवसांत सरळ करतो," लाखनीच्या फुटबॉल क्लबचे कोच मारोतराव छाती ठोकून म्हणाले.

"करा," क्लबचा मालक म्हणाला, "नाहीतर रविवारी लाखांदूरशी हरलो का तुमची नोकरी गेली."

अमर गोल मारायचा, पण सरावाला दांड्याही मारायचा. मोठ्या क्लबांत अशा पोराला जबाबदारी देतात, असं मारोतरावांनी ऐकलं होतं. त्यांनी त्याला कॅप्टन केलं. दुसऱ्या दिवशी कॅप्टनसोबत आणखी चौघं गायब झाले.

लाखांदूरवाल्यांनीच फोडले असतील! मारोतरावांना सगळ्यातच काळंबेरं दिसू लागलं.

"डोयात काजळ कायले घातलं बे?" तिसऱ्या दिवशी अमर दिसताच त्यांनी विचारलं.

"मायनं घातलं, सर. नजर लागते."

संशय बळावला. दुपारी ते अमरच्या मागोमाग करडी गावापर्यंत गेले. मंडपात झाडीपट्टीच्या नाटकाची तालीम चालली होती. अमर लुगडं नेसून हुंदके देत होता, बाकी चौघं त्याचे दीर झाले होते.

मारोतराव ओरडणार, तोच दिग्दर्शकानं त्यांच्या मिशा न्याहाळल्या. "वा! सासरा भेटला. करता का, भाऊ?"

पोरांवर नजर राहील म्हणून मारोतराव हो म्हणाले.

रविवारी सकाळची तालीम आटपून सगळे मॅचला निघणार होते.

"सर, चला न, उशीर होऊन राहिला," अमर म्हणाला.

"थांब बे! सुनेले हाकलतानाचा आवाज जमून नाही राहिला. पुन्हा घे!"

लाखांदूरच्या मैदानावर लाखनीचे सहाच खेळाडू पोचले. किमान सात तरी हवेत, म्हणून पंचानं सामना लाखांदूरला देऊन टाकला.